कोंबड्यांचा धनी

विद्यापीठात शिकविल्या जाणाऱ्या काही विषयांना समाजात आपोआप प्रतिष्ठा असते. वैद्यक शिकणारा मुलगा उद्या नाडी पाहील, स्थापत्य शिकणारी मुलगी उद्या पूल बांधील, हे घरातल्या आजीलाही सांगावे लागत नाही. पण एखादी मुलगी ‘मी आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांचा कायदा शिकते आहे’ असे म्हणाली, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कौतुक उमटते आणि मागोमाग शंका येते. कोणी विचारतो, ‘या कायद्याचे पोलीस कोठे असतात?’ कोणी जरा धीट असला तर म्हणतो, ‘दुसऱ्या देशात काय चालले आहे, याची उठाठेव आपण का करावी? ज्याचे घर त्याने पाहावे.’

हा विषय मी काही वर्षे शिकवीत आलो आहे, आणि हे दोन्ही प्रश्न मला दर वर्षी नव्या तोंडांतून ऐकावे लागतात. ते मूर्खपणाचे आहेत असे मला कधीच वाटले नाही. पहिल्या प्रश्नाला मी नेहमी दुसऱ्याचे अपत्य समजतो. परक्याच्या घरातले दुःख आपले नव्हे असे सर्वांनीच मनोमन ठरविले असेल, तर त्या दुःखावर पहारा ठेवणारा पोलीस नेमणार तरी कोण? तेव्हा आधी दुसऱ्या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे. त्याचा इतिहास एका विद्यार्थ्यापासून सांगता येतो.

१५ मार्च १९२१ रोजी बर्लिनच्या रस्त्यावर सोघोमन तेहलिरियन या आर्मेनियन तरुणाने तलात पाशा याला गोळी घातली. १९१५ साली तुर्की साम्राज्यात आर्मेनियन लोकांची हद्दपारी आणि कत्तल सुरू झाली तेव्हा हा तलात त्या साम्राज्याचा गृहमंत्री होता. लाखो माणसे मेली; तलात मात्र युद्ध संपल्यावर जर्मनीत राहत होता. तेहलिरियनवर खटला झाला आणि जूनमध्ये तो निर्दोष सुटला. ही हकीकत पोलंडमधील ल्वूफ येथे कायदा शिकणाऱ्या राफाएल लेम्किन या तरुणाच्या मनात रुतून बसली. त्याने आपल्या प्राध्यापकाला विचारले, की आर्मेनियन लोकांनी तलातला पकडवून न्यायासनासमोर का उभे केले नाही? प्राध्यापकाने उत्तर दिले, की त्याला पकडता येईल असा कायदाच अस्तित्वात नाही. एखाद्या शेतकऱ्याजवळ कोंबड्यांचा खुराडा आहे आणि त्याने त्या मारल्या, तर तो त्याचा प्रश्न. तुम्ही मध्ये पडलात तर तुम्हीच आगंतुक ठरता. लेम्किनने उत्तर दिले ते साधेच होते: आर्मेनियन माणसे म्हणजे कोंबड्या नव्हेत. एका माणसाला मारणे हा गुन्हा होतो आणि एका राजसत्तेने लाखोंना मारणे हा गुन्हा होत नाही, हे त्याच्या बुद्धीला पटेना. ही सारी हकीकत त्याने पुढे आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे.

ही गोष्ट सांगितली की वर्गातील मुले त्या प्राध्यापकावर रागावतात. मी त्यांना थोडे थांबवितो. तो प्राध्यापक दुष्ट नव्हता. त्या काळी जो कायदा होता तो त्याने प्रामाणिकपणे सांगितला. शिवाय त्याच्या म्हणण्यात एक तथ्यही आहे, आणि ते आपल्या देशातील माणसाला तरी लवकर कळावे. १८५६ साली ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले ते कोणत्या कारणावरून? तेथील नबाबाचा कारभार वाईट आहे आणि रयत गांजली आहे, या कारणावरून. रयतेचा कळवळा दाखवून दुसऱ्याच्या घरात शिरलेला पाहुणा पुढे घराचा मालक होऊन बसतो, हा अनुभव आशिया आणि आफ्रिकेतील किती देशांनी घेतला आहे! बलवंताने दुबळ्याच्या अंगणात पाय ठेवू नये म्हणून उंबरठ्याची मर्यादा लागते. ज्याचे घर त्याने पाहावे, हे म्हणणे पुष्कळदा दुबळ्याचेच चिलखत असते.

पण त्या उपमेत एक लबाडी आहे, आणि ती त्याच ल्वूफ शहराच्या इतिहासात उघडी पडते. पहिल्या महायुद्धापूर्वी ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते आणि त्याला लेम्बर्ग म्हणत. युद्धानंतर ते पोलंडकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात तेथे प्रथम सोव्हिएत सैन्य आले, मग जर्मन, मग पुन्हा सोव्हिएत. आज ते युक्रेनमध्ये आहे आणि त्याचे नाव ल्विव आहे. एखादी म्हातारी त्या शहरातील एकाच खोलीत जन्मापासून मरेपर्यंत राहिली असती, तरी तिने चार-पाच सत्ता पाहिल्या असत्या. आता प्राध्यापकाची उपमा लावून पाहा. घर कोणाचे? जो काल आला आणि उद्या जाईल तो घराचा धनी. आणि जी तेथेच जन्मली, तेथेच चूल पेटवून जगली, ती कोंबडी! घर राहणाऱ्याचे नसून सत्ता गाजविणाऱ्याचे आहे, असे त्या उपमेने गुपचूप गृहीत धरलेले असते. ‘अंतर्गत बाब’ हा शब्द ऐकला की म्हणून मी आधी विचारतो, की हे बोलणारा कोण आहे? मार देणारा की मार खाणारा? मार खाणारा स्वतः होऊन ‘ही आमची अंतर्गत बाब आहे, तुम्ही पाहू नका’ असे क्वचितच म्हणतो. आणि म्हणाला तर बहुधा भीतीने म्हणतो.

याच विद्यापीठात लेम्किनच्या थोडी वर्षे आधी हर्श लाउटरपाख्ट नावाचा आणखी एक तरुण कायदा शिकून गेला होता. तो व्हिएन्नामार्गे इंग्लंडला गेला आणि केंब्रिजमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्राध्यापक झाला. दोघेही ज्यू. नाझी राजवटीने लाउटरपाख्टचे आईवडील व बहुतेक सारे नातलग मारले. लेम्किनने आपल्या घराण्यातील एकोणपन्नास माणसे गमावली. १९४५ साली न्यूरेम्बर्गच्या खटल्यासाठी जी सनद तयार झाली तिच्यात ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ ही कल्पना आली, तिच्यामागे लाउटरपाख्टचा हात होता. लेम्किनने १९४४ सालच्या आपल्या ग्रंथात वंशसंहाराला ‘जेनोसाइड’ हे नाव दिले होते. त्या शब्दाला कायद्यात जागा मिळावी म्हणून तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या दालनांतून प्रतिनिधींच्या मागे फिरत राहिला. अखेर वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे असे सांगणारा ठराव ११ डिसेंबर १९४६ रोजी संमत झाला. तो मांडणारे देश तीन होते: क्यूबा, पनामा आणि भारत. ९ डिसेंबर १९४८ रोजी त्याविषयीचा करार झाला, आणि दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. अठ्ठेचाळीस राष्ट्रे बाजूने, विरुद्ध एकही नाही, आठ तटस्थ.

त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात एका भारतीय बाईंचा हात आहे. मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. हंसाबेन मेहता यांनी आग्रह धरला, की तेथे ‘सर्व मानवप्राणी’ असे लिहा. नाहीतर कित्येक देशांत या कलमाचा लाभ बायकांना नाकारण्यात येईल. आज तेथे त्यांचाच शब्द आहे. एका शब्दाने काय होते असे विचारणाऱ्याने कोर्टाची पायरी कधी चढलेली नसावी.

परंतु १९४६ या सालाकडे मला आणखी एका कारणाने वळावेसे वाटते. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेने तेथील हिंदी लोकांच्या जमीन घेण्याच्या व राहण्याच्या हक्कांवर नवे निर्बंध घातले. भारत तेव्हा स्वतःच पुरता स्वतंत्र नव्हता. तरीही विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील आपल्या शिष्टमंडळाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत नेला. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांनी उत्तर दिले, की हा आमच्या घरचा प्रश्न आहे. गंमत अशी, की राष्ट्रसंघाच्या सनदेच्या प्रास्ताविकेचा मसुदा याच स्मट्स यांनी केला होता, आणि मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उच्चार तेथेच आहे! ८ डिसेंबर १९४६ रोजी बत्तीस विरुद्ध पंधरा मतांनी भारताच्या बाजूचा ठराव मंजूर झाला. ‘ज्याचे घर त्याने पाहावे’ या म्हणण्याला जगाच्या चावडीवर पहिला मोठा धक्का देणाऱ्यांत आपण होतो, याचा अभिमान जरूर बाळगावा.

आता त्याच वर्षीची दुसरी घटना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अमेरिकेतील नीग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना एक पत्र लिहिले. अमेरिकेतील नीग्रो आपली गाऱ्हाणी राष्ट्रसंघापुढे मांडीत असल्याचे त्यांनी वाचले होते. त्या अर्जाच्या प्रती आपल्याला मिळाव्यात, कारण हिंदुस्थानातील अस्पृश्यही तसे करण्याच्या विचारात आहेत, असा त्या पत्राचा आशय होता. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठविले. म्हणजे एकाच वर्षी आपण दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवीत होतो, आणि आपल्याच घरातील एक मोठा समाज बाहेरच्यांना आपल्या दाराशी बोलावण्याचा विचार करीत होता. या दोन गोष्टी मी विद्यार्थ्यांना नेहमी शेजारीशेजारी ठेवून शिकवितो. पहिलीचा अभिमान वाटतो त्याला दुसरी ऐकून राग येत असेल, तर त्याने आपला अभिमान पुन्हा तपासून पाहावा. कडी वाजविण्याचा अधिकार हवा असेल तर कडी वाजलेली ऐकून घेण्याची तयारीही हवी. छळाविरुद्धच्या १९८४ सालच्या करारावर आपण १९९७ मध्ये सही केली. पण आपण त्याला अद्याप अंतिम मान्यता दिलेली नाही. कोठडीत माणसाला मारू नये हे तत्त्व आपल्याला मान्य आहे. ते आपण पाळतो की नाही हे बाहेरच्याने विचारणे मात्र आवडत नाही. स्मट्स कोणत्याही एका देशात जन्मत नाही.

येथे पहिला प्रश्न पुन्हा उभा राहतो. समजा, मान्य केले की दुसऱ्याचे दुःख आपलेही आहे. तरी पोलीस नसलेल्या कायद्याचा उपयोग काय? खुद्द लाउटरपाख्टही जाहीरनाम्यावर नाराज होता, कारण तो कोणावर बंधनकारक नव्हता. राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगाकडे जगभरातून अर्ज येऊ लागले तेव्हा, १९४७ साली, आयोगाने ठरविले की कोणत्याही तक्रारीवर काही करण्याचा अधिकार आपल्याला नाही. जाहीरनाम्यातील तत्त्वांना कराराचे रूप १९६६ साली मिळाले. ते करार अमलात आले १९७६ साली. आणि भारत त्यांत सामील झाला १९७९ साली. कागद, कागद आणि कागद.

कागदाविषयी बोलायचे तर मी महाडला जाईन. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क होता. ओंजळीत पाणी नव्हते. तीन वर्षे त्या कागदाकडे पाहून कोणीही म्हणू शकला असता की हा ठराव निरुपयोगी आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला, आणि कोर्टात दावा चालला. हायकोर्टाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल १९३७ साली लागला. एका ओंजळीला चौदा वर्षे!

कागदाने पाणी दिले नाही, हे खरेच आहे. ते माणसांनी, मार खाऊन, मिळविले. पण कागदाने एक गोष्ट केली. तळ्याकडे निघालेली ती माणसे कोणाकडे भीक मागायला निघाली नव्हती. ती वसुलीला निघाली होती. ज्याच्या हातात रोखा आहे त्याला कूळ आज पैसे देणार नाही, उद्या देणार नाही, कदाचित अंगावर कुत्रे सोडील. तरी तो याचक होत नाही, धनकोच राहतो. त्याची मान निराळी असते आणि देणेकऱ्याच्या मनातही एक चोर बसलेला असतो. मानवी हक्कांचा कायदा हा असा न वटलेला रोखा आहे. तो फ्रेम करून भिंतीवर लावला तर शोभेचा. घेऊन बाहेर पडले तर कामाचा.

तो कधीकधी अनपेक्षित ठिकाणी वटतोही. १९८० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका बँकेच्या देण्याचे प्रकरण आले. देणे फेडले नाही म्हणून ऋणकोला तुरुंगात टाकावे, असा हुकूम झाला होता. नुसती करारातील रक्कम फेडता येत नाही एवढ्यासाठी कोणाला कैद करू नये, असे नागरी व राजकीय हक्कांच्या करारातील एक कलम सांगते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या कलमाच्या उजेडात आपला जुना दिवाणी कायदा वाचला आणि ठरविले, की दारिद्र्य हा गुन्हा नव्हे. ऐपत असून लबाडीने देणे बुडविणाऱ्याची गोष्ट वेगळी. पुढे १९९२ साली राजस्थानात बालविवाह थांबविण्याचे काम करणाऱ्या एका ग्रामीण कार्यकर्तीवर बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले. देशात तसा कायदा नव्हता, म्हणून न्यायालयाने आधार घेतला तो स्त्रियांविरुद्धच्या भेदभावासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा. संसदेचा कायदा येईपर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, कचेरीतल्या कारकून बाईचे संरक्षण त्या कागदावरच उभे होते. परदेशात झालेल्या करारातील चार ओळींनी आपल्या लेकीबाळींना हात दिला, आणि त्यांतल्या कित्येकींना त्याचा पत्ताही नव्हता.

तर मग या अभ्यासात काही धोका नाही काय? आहे; आणि तो बाहेरच्या टीकाकाराला दिसत नाही, शिकविणाऱ्याला दिसतो. या विषयाची पुस्तके दुःखाने भरलेली असतात. पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याला रात्री झोप येत नाही. वर्षाअखेरीस तोच विद्यार्थी छळाची व्याख्या, तिचे चार घटक आणि त्यावरील निवाडे घडाघडा सांगतो व शंभरपैकी सत्तर गुण मिळवितो. परक्याच्या यातनेवर आपल्याला पदवी मिळावी यात काहीतरी अशोभनीय आहे, ही बोच मला आजही लागते. शस्त्रक्रिया शिकणाऱ्याला रक्त पाहून भोवळ येऊन चालत नाही, हे मी स्वतःला सांगतो. पण शस्त्रवैद्याच्या समोर रोगी असतो. आमच्यासमोर नुसती पाने असतात. ज्याला पानांपलीकडे माणूस दिसेनासा झाला त्याने कितीही कलमे पाठ केली, तरी तो कोंबड्यांची मोजदाद करणाराच झाला.

यावर मला सापडलेला उपाय लहान आहे. पहिल्या सत्रात मी कोणालाही दूरच्या देशावर निबंध लिहू देत नाही. मी जाहीरनाम्याचे चोविसावे कलम फळ्यावर लिहितो: प्रत्येकाला विश्रांतीचा, कामाच्या तासांवर वाजवी मर्यादा असण्याचा आणि ठराविक काळाने पगारी सुट्टी मिळण्याचा हक्क आहे. मग सांगतो, की आता आपापल्या घरी जा आणि धुणेभांडी करायला येणाऱ्या बाईंच्या संदर्भात हे कलम लावून दाखवा. त्यांना महिन्यातून सुट्ट्या किती? त्या ठरलेल्या आहेत की मागून घ्याव्या लागतात? आजारपणाचा पगार कापला जातो का? त्यांचा चहाचा कप कोठे ठेवलेला असतो? इमारतीत त्यांच्यासाठी निराळी लिफ्ट आहे का? हे निबंध वाचताना माझ्या लक्षात आले आहे, की परक्या हुकूमशहाविषयी धारदार लिहिणारी लेखणी स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरताना अडखळते. एका मुलाने लिहिले होते, ‘हे विचारल्यावर आई म्हणाली, आपल्या घरातल्या गोष्टी कॉलेजात कशाला सांगायच्या?’ त्या माउलीला स्मट्स कोण हे ठाऊक नसेल. पण उत्तर तेच होते.

दिवाळीत आपण या बाईंना पोस्त देतो, फराळाचा डबा देतो, कोणी साडीही देते. ते प्रेमाने दिलेले असते आणि त्याला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण पोस्त आणि हक्क यांत एक फरक आहे. पोस्त किती द्यायचे ते देणारा ठरवितो, आणि घेणाराने मान लवून घ्यायचे असते. हक्काची सुट्टी घेताना मान लवावी लागत नाही. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार २०११ साली झाला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. पण सरकारची मान्यता येईपर्यंत आपल्या घरापुरती मान्यता द्यायला कोणाची आडकाठी आहे? त्यासाठी राष्ट्रसंघ लागत नाही, पोलीसही लागत नाही.

लेम्किन २८ ऑगस्ट १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला. गरिबीत, जवळजवळ एकटा. भारताने वंशसंहारविरोधी कराराला अंतिम मान्यता दिली ती त्याच महिन्यात. ज्या अमेरिकेत तो राहिला तिने ती द्यायला १९८८ साल उजाडले. त्यानंतरही जगात कत्तली थांबल्या नाहीत. मात्र आज कोणतीही राजसत्ता उघडपणे असे म्हणत नाही, की माझ्या कोंबड्या मी मारल्या, तुम्ही विचारणारे कोण. ती नाकारते, लपविते, खोटे बोलते, वकील देते. ज्याला खोटे बोलावे लागते त्याने प्रश्न विचारणाऱ्याचा अधिकार अर्धा मान्य केलेलाच असतो. उरलेला अर्धा मिळवायचा आहे. तो मिळविण्यासाठी माझ्या वर्गात दर वर्षी थोडी मुले येऊन बसतात. त्यांना ‘तुमचे पोलीस कोठे आहेत?’ असे जरूर विचारावे. तेवढ्यात त्यांनी उलट विचारले, की तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना या महिन्यात सुट्टी किती, तर त्यांना आगंतुक म्हणू नये.